पक्षाघातातील वाचाविकृती : परीक्षण आणि वाक्-उपचार

चरकसंहितेच्या वातव्याधिचिकित्साध्यायात पक्षाघाताच्या लक्षणांमध्ये चेष्टानिवृत्ती व रुजा यांच्यासमवेत वाक्स्तंभाचाही निर्देश आहे. वाक्प्रवृत्ती हे उदान वायूचे प्राकृत कर्म होय. सकफ वायूने शब्दवाहिनी धमन्या आवृत झाल्या असता मूक, मिन्मिण व गद्गद या अवस्था उत्पन्न होतात, असे सुश्रुतांनी म्हटले आहे. तर वाग्भटांनी वाग्वाहिनी सिरांच्या आश्रयाने होणारा जिह्वास्तंभ वर्णिला आहे. वाणीची हानी एकाच प्रकारची नसते, हे यावरून स्पष्ट होते. व्यवहारात मात्र रुग्णपत्रिकेवर ‘वाचा गेली’ एवढीच नोंद होते आणि हातापायांत बळ आले की वाचाही येईल, असे आश्वासन नातेवाइकांना दिले जाते. या प्रतीक्षेत उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात. म्हणून वाचाविकृतीचे परीक्षण कसे करावे आणि वाक्-उपचारतज्ज्ञाचे साहाय्य केव्हा घ्यावे, याचा विचार येथे केला आहे.

भाषालोप आणि उच्चारदोष

सन 1861 मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाच्या मेंदूचे मरणोत्तर परीक्षण केले. हा रुग्ण अनेक वर्षे ‘ताँ’ एवढाच ध्वनी उच्चारीत असे. समोरच्याचे बोलणे मात्र त्यास बरेचसे समजत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागात विकृती आढळली. पुढे 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट प्रकार वर्णिला. त्यात रुग्ण अस्खलित बोलतो. परंतु बोलणे अर्थहीन असते व दुसऱ्याचे बोलणे त्यास उमगत नाही. अशा रुग्णास बुद्धिभ्रंश झाला असे घरच्यांस वाटते. हे दोन्ही भाषालोपाचे प्रकार असून आधुनिक वैद्यक त्यांस ‘अफेझिया’ म्हणते. बहुसंख्य व्यक्तींमध्ये भाषेचे केंद्र डाव्या अर्धगोलात असल्याने भाषालोप प्रायः उजव्या अंगाच्या पक्षाघातासह आढळतो.

उच्चारदोष ही निराळी अवस्था होय. तीत शब्द मनात सिद्ध असतो. परंतु ओष्ठ, जिह्वा, तालू वा स्वरयंत्र यांच्या पेशींचे कर्म दुर्बळ झाल्याने तो अस्पष्ट उमटतो. असा रुग्ण हात चालत असल्यास शुद्ध लिहितो. भाषालोपात मात्र प्रायः लेखनही बिघडते.

रुग्णशय्येजवळील परीक्षण

प्रथम रुग्णास ऐकू येते याची खात्री करावी. त्यानंतर पुढील क्रम ठेवावा.

1. रुग्णास स्वतःविषयी सांगण्यास सांगून वाक्ये जुळतात की सुटे शब्द येतात, विभक्तिप्रत्यय गळतात काय, हे पाहावे.
2. हातवारे न करता ‘डोळे मिटा’, ‘कानाला हात लावून मग नाकाला लावा’ अशा आज्ञा द्याव्यात.
3. शब्द व लहान वाक्य पुन्हा म्हणवून घ्यावे.
4. किल्ली, घड्याळ, चमचा दाखवून नावे विचारावीत.
5. वाचन व लेखन तपासावे.
6. ‘प-प-प’, ‘त-त-त’, ‘क-क-क’ जलद म्हणवून उच्चारेंद्रियांचे बळ पाहावे.

रुग्ण घरी कोकणी, अहिराणी वा अन्य भाषा बोलत असल्यास तिच्यातही परीक्षण करावे. सर्व भाषांची हानी सारखीच असेल असे नाही. तसेच अंकगणना, आरती वा रामरक्षा पाठ म्हणणारा रुग्ण ‘पाणी’ हा शब्द उच्चारू शकत नाही, असे पुष्कळदा दिसते. पाठांतरित वाणी व हेतुपुरस्सर वाणी यांतील हा भेद आहे. रुग्ण ढोंग करतो, असा समज घरच्यांचा होऊ देऊ नये.

संशोधनाचा निष्कर्ष

वाक्-उपचाराविषयी कॉक्रेन संस्थेने 2016 मध्ये 57 चाचण्यांतील 3,002 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत उपचार घेणाऱ्यांच्या व्यवहारातील संवाद, वाचन, लेखन व अभिव्यक्ती यांत सुधारणा दिसली. अमुक एकच पद्धत श्रेष्ठ, असे मात्र सिद्ध झाले नाही. जर्मनीतील 158 रुग्णांवरील चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या सर्वांच्या व्याधीस सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. तरीही आठवड्यास किमान 10 तास याप्रमाणे तीन आठवडे उपचार दिल्यावर त्यांच्या दैनंदिन संभाषणात लक्षणीय प्रगती झाली. जुनाट रुग्णासही निराश करू नये आणि उपचाराची मात्रा पुरेशी असावी, हे दोन बोध यातून मिळतात. कर्मबस्तीच्या 30 दिवसांत रुग्ण नियमितपणे वैद्याकडे येत असतो. त्याच काळात वाक्-उपचाराची वेळही नेमून द्यावी. बस्तिक्रम संपण्याची वाट पाहू नये.

अन्नमार्गाची दक्षता

पक्षाघातात गिळण्याची क्रियाही वारंवार बिघडते आणि तिचे परीक्षण हे वाक्-उपचारतज्ज्ञाचेच कार्य आहे. पातळ द्रव श्वासमार्गात सहज उतरतो आणि काही रुग्णांना त्या वेळी खोकलाही येत नाही. त्यामुळे न्यूमोनिया होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून गिळणे सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावाचून काढा, घृत वा तैल मुखावाटे देऊ नये. तैल फुफ्फुसात गेल्यास तेथे शोथ उत्पन्न होतो. यास्तव अशा रुग्णात नस्याचाही पुनर्विचार करावा.

वैद्यांचे कर्तव्य

वाचा अकस्मात गेली असेल तर ती आत्ययिक अवस्था समजून रुग्णास त्वरित मेंदूच्या सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध प्रायः लक्षणारंभापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. स्थिर झालेल्या रुग्णास भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या तज्ज्ञाकडे पाठवावे. मुंबईत वांद्रे येथे 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूर येथील 1965 मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही या क्षेत्रातील प्रमुख केंद्रे होत. भाषालोप कायमचा राहिल्यास 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये वाक् व भाषा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, हेही कुटुंबास सांगावे.

घरच्यांनी लहान वाक्यांत सावकाश बोलावे, उत्तरासाठी थांबावे, ‘हो-नाही’चे प्रश्न विचारावेत, चित्रांचे साहाय्य घ्यावे आणि रुग्णाच्या वतीने स्वतः उत्तर देऊ नये. बस्ती, अभ्यंग व औषध यांबरोबर या सूचनाही वैद्याने रुग्णपत्रिकेवर लिहून द्याव्यात आणि प्रत्येक भेटीत वाचेची प्रगती हातापायांच्या बळाइतक्याच काळजीने नोंदवावी.