कर्जतच्या भाताचा निबंध कुठे छापायचा?

माथेरानच्या पावसाळी कातळांवर, जिथे पाण्याचा जेमतेम पापुद्रा असतो, तिथे एका लहान बेडकाची पिल्ले वाढतात. बहुतेक बेडकांची पिल्ले डबक्यात पोहतात; ही मात्र ओल्या दगडाला चिकटून राहतात. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातल्या या बेडकाची विज्ञानातली पहिली नोंद झाली लंडनमध्ये, १८८८ साली. मुंबईत सेवेत असलेले डॉक्टर अँड्र्यू लीथ यांच्याकडून माथेरानचे नमुने ब्रिटिश म्युझियममध्ये पोचले आणि जॉर्ज बूलाँजे यांनी तिथे बसून त्यांचे वर्णन छापले. आज ‘इंडिराना लीथी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेडकाची ओळख पक्की करायची, तर पुण्याच्या अभ्यासकालाही लंडनच्या संग्रहातले ते मूळ नमुने विचारात घ्यावे लागतात.

साम्राज्याचा काळ होता, म्हणून हे समजून घेता येते. पण ते राज्य जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, तरी आपल्या मातीतल्या संशोधनाची किंमत ठरवणारे पत्ते फारसे बदललेले नाहीत. शोधनिबंध कोणत्या नियतकालिकात आला, त्याला इतरांच्या निबंधांत किती संदर्भ मिळाले, यावर संशोधकाची नेमणूक, बढती आणि अनुदान ठरते. हे संदर्भ मोजण्याची पद्धत युजीन गारफिल्ड यांनी फिलाडेल्फियात रुजवली. त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची १९६४ मध्ये आली. तिची प्रतिस्पर्धी ‘स्कोपस’ २००४ पासून नेदरलँड्सच्या एल्सव्हिअर कंपनीकडे आहे. या सूच्यांत जे नियतकालिक नाही, त्यातला निबंध हिशेबात जवळपास धरलाच जात नाही.

आता कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राकडे पाहू. इथे भातावरचे काम १९१९ पासून चालू आहे. सध्या हे केंद्र दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. डोंगरउताराच्या वरच्या खाचरांत पाऊस संपला की पाणी झपाट्याने उतरते. तिथे गरवे भात उशिरापर्यंत उभे ठेवणे धोक्याचे, म्हणून लवकर पिकणारे हळवे वाण हवे. कर्जत-१८४, कर्जत-३ असे वाण याच गरजेतून शेतकऱ्याच्या हाती आले. १९९८ चा ‘सह्याद्री’ हा संकरित भातही इथलाच. या कामाची सार्वजनिक कसोटी म्हणजे जॉइंट अ‍ॅग्रेस्को, अर्थात राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक, जिथे वाण आणि शिफारशी तपासून मंजूर होतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हीच खरी परीक्षा आहे. पण तिथे मंजूर झालेल्या शिफारशीला स्कोपसच्या हिशेबात जागा नाही.

आणि निबंध लिहिलाच, तरी त्याच्या शीर्षकात ‘कोकणातील’, ‘भारतातील’ असे घालावे लागते. अमेरिकेतल्या प्रयोगाला शीर्षकात देश सांगण्याची गरज सहसा पडत नाही. तो थेट ‘भात’ किंवा ‘माणूस’ यांच्याबद्दलचा ठरतो. मानसशास्त्रात हे मोजून दाखवले गेले आहे. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्राची सहा आघाडीची नियतकालिके तपासली. अभ्यासलेल्या व्यक्तींपैकी ६८ टक्के एकट्या अमेरिकेतल्या होत्या आणि ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतल्या. त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. एवढ्यावरून ‘मानवी मन’ कसे चालते, याचे सिद्धान्त मांडले गेले.

हा नुसता सवयीचा भाग आहे की पूर्वग्रह, हे तपासणारा एक सुंदर प्रयोग लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मॅथ्यू हॅरिस यांच्या गटाने केला. इंग्लंडमधल्या ३४७ डॉक्टरांना त्यांनी संशोधनांचे सारांश वाचायला दिले. काही आठवड्यांनी तेच सारांश पुन्हा दिले, फक्त संशोधन कुठून आले ते बदलून. गरीब देशाच्या जागी श्रीमंत देशाचे नाव आल्यावर तेच काम डॉक्टरांना अधिक उपयुक्त वाटले आणि सहकाऱ्यांना सुचवण्याजोगेही वाटले. अक्षर न् अक्षर तेच होते. हा प्रयोग २०१७ मध्ये ‘हेल्थ अफेअर्स’मध्ये छापून आला. मला तो प्रत्येक विद्यापीठाच्या निवड समितीपुढे ठेवावासा वाटतो, कारण तो पूर्वग्रह आपल्याही समित्यांत शिरलेला आहे.

ही पूर्वग्रहाची भिंत ओलांडता येते, हेही रायगड जिल्ह्यानेच दाखवले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि त्याचा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पुढे २०११ मध्ये त्यांची पद्धतशीर चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. कोकणात विंचवाने मरणाऱ्या लेकरांचा प्रश्न जगाच्या वैद्यकात पोचला तो असा. पण असे एक उदाहरण पुढे करून दार सगळ्यांना उघडे आहे असे म्हणणे, मागे राहिलेल्या शेकडो जणांवर अन्याय ठरेल.

शिवाय बावस्करांच्या पहिल्या निबंधाच्या काळापासून व्यवहारही बदलला आहे. तेव्हा नियतकालिकाचे पैसे वाचणारा भरत असे. महाग वर्गणीमुळे आपली ग्रंथालये उपाशी राहत, पण निबंध पाठवायला टपालखर्च पुरे. ‘ओपन ॲक्सेस’ आल्यावर वाचन मोफत झाले आणि पुष्कळ ठिकाणी बिल लिहिणाऱ्याच्या नावावर आले. ‘नेचर’ने २०२१ पासून खुल्या प्रकाशनाचे शुल्क ९,५०० युरो ठेवले, म्हणजे त्या वेळच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक. शुल्क न भरता निबंध देता येतो, मात्र मग तो वर्गणीदारांपुरता राहतो. गरीब देशांना सवलत असते, पण भारत तिथे विचित्र कात्रीत सापडतो. दरडोई उत्पन्नाने आपण निम्न-मध्यम गटात. मात्र स्प्रिंगर नेचरसारख्या प्रकाशकाच्या नियमांत या गटातल्या ज्या देशांची एकूण अर्थव्यवस्था २०० अब्ज डॉलरपेक्षा लहान, त्यांनाच निम्मी सूट. देश मोठा म्हणून सूट नाही, आणि कर्जतच्या केंद्राचे किंवा खोपोलीच्या एखाद्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचे अनुदान मात्र देशाइतके मोठे नसते.

भाषेचा खर्च वेगळाच. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण संशोधकांची पाहणी केली. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांचे निबंध भाषेच्या कारणाने परत येण्याचे प्रमाण सुमारे अडीच पट निघाले.

निबंध छापण्याच्या या दडपणाने काय होते, हे पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी दाखवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) तेव्हाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ त्यांनी तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाच्या कसोटीवर टिकली नाहीत. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या या दुकानांना गिऱ्हाईक मिळवून देण्यात ‘निबंध दाखवा, बढती घ्या’ या नियमाचा मोठा वाटा आहे.

याहून खोल नुकसान मला प्रश्नांच्या निवडीत दिसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाच्या या वाडीतले २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे मिळालीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारने तेव्हाच सांगितले. निबंधांच्या अभावी हे घडले असा माझा दावा नाही. पण एका डोंगरावरच्या भेगा, मातीची जाडी, झिरपणारे पाणी वर्षानुवर्षे मोजत राहणे हे काम बड्या संपादकाला ‘फारच स्थानिक’ वाटते. ज्या कामाला मान नाही, ते करायला तरुण संशोधक का थांबेल? सह्याद्रीच्या उतारांवर अशा वाड्या पुष्कळ आहेत.

सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले आणि १ जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली केली. वाचण्याची अडचण त्याने बरीच हलकी होईल. पण हा पैसा ३० प्रकाशकांकडे जातो आणि त्यांत मोठा वाटा परदेशी कंपन्यांचा आहे. एवढ्या रकमेचा छोटा हिस्सा आपली नियतकालिके उभी करायला लावला असता, तर अधिक फळ मिळाले असते असे मला वाटते. ब्राझीलने १९९८ पासून ‘सायलो’ हे सार्वजनिक पैशांवरचे व्यासपीठ चालवले; तिथे पोर्तुगीज आणि स्पॅनिश निबंधही मोफत वाचायला मिळतात. आपल्याकडेही उदाहरण आहे. माथेरानच्या त्या बेडकाच्या साऱ्या कुळाचा सविस्तर आढावा नीलेश डहाणूकर, निखिल मोडक, आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये घेतला. त्यांनी तो छापला कोईमतूरच्या ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’मध्ये, जे कोणालाही मोफत वाचता येते. या बेडकांवर काम करणाऱ्या कुणालाही आता तो निबंध वाचावाच लागतो.

जॉइंट अ‍ॅग्रेस्कोच्या शिफारशींना प्रत्येकी कायमस्वरूपी डिजिटल क्रमांक, मराठी मजकुरासोबत इंग्रजी सारांश आणि चाचणीची मूळ आकडेवारी जोडून त्या खुल्या करणे चारही विद्यापीठांना सहज परवडेल. निवड समित्यांनी ते काम निबंधाच्या बरोबरीने मोजावे. सुरुवात कर्जतपासून करता येईल. पाऊस लवकर ओसरणाऱ्या उतारावर कोणता हळवा भात टिकतो, याचे उत्तर ओडिशातल्या आणि मादागास्करमधल्या भातशेतकऱ्यालाही हवे आहे.