बहिर्जी नाईक: महाराजांच्या हेरप्रमुखाबद्दल कागद नेमकं काय सांगतात?

१९ फेब्रुवारी जवळ आली की एक रील हमखास फिरायला लागतं. पाठीमागे ढोल-ताशा, समोर घोंगडी पांघरलेला माणूस आणि खाली ओळी : हजारो हेरांचं जाळं, पक्ष्यांच्या आवाजाची गुप्त भाषा, फकिराच्या वेशात थेट आदिलशहाच्या दरबारात. नाव, बहिर्जी नाईक. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख.

'फर्जंद' आणि 'फत्तेशिकस्त' या सिनेमांनी हे नाव घराघरात नेलं. पण यातलं किती कागदावर आहे आणि किती नंतर जोडलं गेलं?

शोधाची सुरुवात पुण्याच्या पेठांमधून

नारायण पेठेतला केसरीवाडा सगळ्यांना ठाऊक आहे. लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये 'केसरी'तून रायगडावरच्या महाराजांच्या समाधीचा प्रश्न लावून धरला आणि शिवचरित्र घराघरात चर्चेचा विषय झालं. त्याआधीच, १८७८ पासून, पुण्यात 'काव्येतिहास संग्रह' हे मासिक निघत होतं. त्याचे एक संपादक काशीनाथ नारायण साने. जुन्या बखरी छापून लोकांसमोर आणण्याचं मोठं काम त्यांनी केलं. पुढे १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. ते आहे शेजारच्या सदाशिव पेठेत. तिथे आजही मोडी कागदांचे रुमाल सोडून अभ्यासक बसलेले दिसतात.

बहिर्जींचा शोध घ्यायचा तर वाट इथूनच जाते. आणि ती फार लवकर एका छोट्याशा पुस्तकापाशी येऊन थांबते.

सभासदाने काय लिहिलंय?

ते पुस्तक म्हणजे सभासद बखर. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून ती जिंजीला लिहिली. काळ १६९० च्या दशकातला. महाराज १६८० मध्ये गेले, म्हणजे लिहिणारा माणूस त्याच पिढीतला. त्यामुळे ही बखर महत्त्वाची. पण ती आठवणीतून लिहिलेली आहे, घटनांचा क्रम काही ठिकाणी पुढेमागे झालेला आहे, हेही लक्षात ठेवावं लागतं.

या बखरीत बहिर्जी ठळकपणे येतात ते तीन ठिकाणी.

पहिलं, त्यांची नेमणूक. सभासद त्यांचं नाव बहिरजी जाधव असं देतो. माणूस हुशार आणि चौकस, म्हणून महाराजांनी त्यांना जासुदांचा नाईक केलं.

दुसरं, सुरत. ही लूट झाली जानेवारी १६६४ मध्ये. सुरतेत अमाप पैसा हाती लागेल, ही खबर बहिर्जींनी आणली, असं सभासद सांगतो.

तिसरं, जालना. १६७९ च्या नोव्हेंबरमध्ये जालना लुटून परतताना मोगल फौज पाठीवर आली. तेव्हा आडवाटांनी महाराजांना सुखरूप पट्टागडावर पोचवलं ते बहिर्जींनी. अकोले तालुक्यातला हाच किल्ला आज विश्रामगड म्हणून ओळखला जातो.

हेरांची संख्या, पक्ष्यांची भाषा, दरबारातलं वेषांतर यातलं काहीही या तीन प्रसंगांत नाही.

'नाईक' हे आडनाव नाहीच?

जासूद म्हणजे फक्त हेर नव्हे. पत्रं, निरोप आणि खबरा पोचवणारा माणूस म्हणजे जासूद. अशा माणसांच्या तुकडीचा म्होरक्या तो नाईक. सभासदाच्या लिखाणात 'नाईक' हा हुद्दा आहे. आज बहिर्जी नेमके कुणाचे, यावर कमेंटमध्ये भांडणं होतात. रामोशी समाजात त्यांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहे आणि त्या आठवणीला स्वतःचं मोल आहे. पण केवळ 'नाईक' किंवा केवळ 'जाधव' या एका शब्दावरून जात ठरवता येत नाही.

लाल महालाचं काय?

५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटं छाटली. जागा कसबा पेठेत, नारायण पेठेतून चालत जाण्याइतकी जवळ. या प्रसंगात महाराजांसोबत बाबाजी बापूजी आणि चिमणाजी बापूजी यांची नावं येतात. इतक्या धाडसी छाप्यामागे पक्की खबर असणार, हे उघड आहे. पण ती बहिर्जींनीच आणली, हा अंदाज झाला. अंदाज चुकीचाच असतो असं नाही, फक्त तो पुरावा म्हणून सांगायचा नसतो.

एवढ्या मोठ्या माणसाचे कागद का नाहीत?

याचं उत्तर दुसऱ्या एका नाईकाकडे सापडतं. उमाजी नाईक. इंग्रजांनी त्यांना पकडलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली. पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, कॅप्टन मॅकिन्टॉश या अधिकाऱ्याने रामोशी समाजावर आणि उमाजींवर अख्खं पुस्तक छापलं. उमाजींची माहिती टिकली, कारण शत्रूने त्यांचा पाठलाग करून सगळं टिपून ठेवलं.

बहिर्जींचं उलट झालं. हेराची खबर तोंडी जाते. कागदावर आली तर पकडलं जाण्याची भीती. शत्रूच्या दप्तरात ज्याची नोंद झाली, तो हेर फसला. म्हणजे बहिर्जींच्या जन्माची तारीख, गाव, घरचं माणूस यांची समकालीन नोंद मिळत नाही, यात त्यांच्या कामाचंच यश दिसतं.

बाणूरगडची समाधी

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात बाणूरगड, म्हणजेच भूपाळगड आहे. तिथली एक समाधी बहिर्जींची मानली जाते. लोक श्रद्धेने जातात.

इथे तारखा मदतीला येतात. दिलेरखानाने भूपाळगड घेतला तो एप्रिल १६७९ मध्ये. आणि सभासदाच्या म्हणण्यानुसार बहिर्जी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जालन्याहून महाराजांना वाट दाखवत होते. तेव्हा ते एप्रिलच्या लढाईत पडले असं कुणी सांगितलं, तर ते सभासदाशी जुळत नाही. समाधी त्यांची नाही, असा याचा अर्थ होत नाही. इतकंच, की मृत्यूची ती तारीख टिकत नाही.

पुढच्या वेळी ते रील आलं तर पुढे पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारा : हे कुठे लिहिलंय? पाठीवर मोगल फौज आणि अनोळखी डोंगरातून राजाला जिवंत घरी आणणारा वाटाड्या, एवढं तर सभासदानेच लिहून ठेवलंय.