फोंडा घाटापलीकडे, गव्यांच्या रानात

मुंबईहून गोव्याकडे जाताना कणकवलीच्या अलीकडे नांदगावचा तिठा लागतो. पश्चिमेचा रस्ता देवगडच्या समुद्राकडे उतरतो, पूर्वेचा फोंडा घाटाकडे. पर्यटक बहुधा समुद्राकडेच वळतात. घाट चढून गेलं की कोल्हापूर जिल्हा सुरू होतो आणि लगोलग दाजीपूर येतं, म्हणजेच राधानगरी अभयारण्याचा दरवाजा.

कोल्हापूरच्या छत्रपतींचं हे शिकारीचं राखीव रान. या दरबाराला शिकारीचा षौक एवढा की काळविटांमागे सोडायला थेट आफ्रिकेतून चित्ते आणले जात. १९५८ मध्ये दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं. १९८५ मध्ये ते वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं झालं, तर २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याची नोंद झाली.

आफ्रिकेच्या माळावर हत्ती मैलभरावरूनही दिसतो. इथं झाडी इतकी दाट की वीस पावलांवर उभा असलेला गवा नजरेतून सुटतो.

म्हणून इथल्या भटकंतीत गाडी चालण्यापेक्षा थांबलेलीच बरी. सकाळ-संध्याकाळ गवे चरायला सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर येतात आणि दुपारी सावलीत रवंथ करत बसतात. सड्याच्या कडेला इंजिन बंद करून बसलं की आधी फांदी मोडल्याचा आवाज येतो, मग फुरफुर, आणि मग झाडीतून पांढऱ्या मोज्यांसारखे पाय बाहेर येतात. कळपाची वाट बहुधा जाणती गाय ठरवते. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो, पण त्याच्या चालण्याची चाहूल क्वचितच लागते.

गवा नाहीच आला, तरी वेळ वाया जात नाही. शेंड्यावर शेकरूचं घरटं असतं, अस्वलानं उकरलेलं वारूळ असतं, धनेशाच्या पंखांचा घोंघाट ऐकू येतो. अधूनमधून वाघही कॅमेऱ्यात टिपला जातो. त्याच्या आशेनं मात्र इथं येऊ नये.

प्राण्याआधी त्याच्या खुणा पाहण्याची ही रीत आफ्रिकेतही आहे. झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यात नॉर्मन कार यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर पायी सफारी रुजवली. तिथंही वाटाड्या आधी ठसे वाचायला शिकवतो, प्राणी दाखवतो तो नंतर.

घाटाखालच्या शेतकऱ्याला मात्र गव्याचं एवढं कौतुक नाही. गवारेडे कोकणात उतरून भातशेती आणि बागा तुडवतात, मग पंचनामा आणि वनखात्याकडे भरपाईचा अर्ज.

पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात हा जाण्याचा काळ. रेल्वेनं येणाऱ्यांना नांदगाव रोड स्थानक जवळचं, पण तिथं मोजक्याच गाड्या थांबतात. कणकवलीला उतरणं सोयीचं. आत जायला वनखात्याची परवानगी लागते आणि रस्ता कच्चा आहे, तेव्हा स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा आणि दिवसभराचं पाणीही.