झुडूप बोलते, पाठ साक्ष देते

लिओनार्दो दा विंची म्हटले की आपल्याला ‘मोनालिसा’ आठवते. पण त्याआधी, १४७४ ते १४७८ च्या सुमारास, त्याने फ्लॉरेन्समधील जिनेव्रा दे बेंची या तरुणीचे चित्र लाकडी फळीवर रंगवले. ते आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.

जिनेव्राच्या डोक्यामागे एक काटेरी झुडूप दाटलेले दिसते. ते का बरे? हे झुडूप आहे जुनिपरचे. त्याच्या काही जाती आपल्या हिमालयातही वाढतात. इटालियन भाषेत जुनिपरला ‘जिनेप्रो’ म्हणतात. म्हणजे चित्रकाराने तिचे नावच झुडपात लपवले! शिवाय त्या काळी जुनिपर हे स्त्रीच्या शीलाचे प्रतीक मानले जाई.

जिनेव्राचा विवाह १४७४ साली झाला. तेव्हा हे चित्र विवाहानिमित्त काढले असावे, असे अनुमान अनेकांनी केले. अनुमान पटण्यासारखे होते, पण पुरावा?

तो चित्राच्या पाठीवर होता. तेथेही लिओनार्दोने जुनिपरची डहाळी रंगवली आहे. तिच्याभोवती लॉरेल आणि पाम यांच्या फांद्या आहेत. त्यांवरील लॅटिन पट्टीचा अर्थ असा : सौंदर्य सद्गुणाला शोभा आणते. लॉरेल व पाम हे व्हेनिसचा राजदूत बेर्नार्दो बेंबो याचे चिन्ह होते. संशोधकांनी ही पाठ अवरक्त किरणांनी तपासली. हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते रंगाच्या अनेक थरांतून आरपार जातात. काजळीसारखा कार्बन मात्र त्यांना शोषून घेतो. त्यामुळे विशेष कॅमेऱ्यात रंगाखालच्या रेषा काळ्या उमटतात. या तपासणीत आजच्या अक्षरांखाली दुसरेच शब्द सापडले : ‘सद्गुण आणि सन्मान’. हे तर बेंबोचे ब्रीदवाक्य!

बेंबो राजदूत म्हणून फ्लॉरेन्सला आला तो १४७५ मध्ये, म्हणजे विवाहानंतर. जिनेव्राविषयी त्याला वाटणारा आदरयुक्त स्नेह त्या काळी सर्वश्रुत होता. त्यामुळे चित्र त्यानेच काढवून घेतले असावे, या मताला बळ आले. तरीही सावध राहायला हवे. पुढची बाजू आधी आणि पाठ नंतर रंगवली गेली असेल, तर विवाहाचे अनुमानही टिकू शकते.

प्रतीकाचा अर्थ लावणे म्हणजे केवळ कल्पना लढवणे नव्हे. त्या काळचे लोक या वस्तूला काय समजत? दुसरी एखादी खूण त्याला दुजोरा देते का? तपासून पाहता येईल का? हे तीन प्रश्न प्रयोगशाळेत जितके उपयोगी, तितकेच चित्रासमोरही!