रोजची आंघोळ, पारोसं पोर आणि संध्याकाळचे हातपाय

हा आपल्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न वढू बुद्रुकहून आलाय. शिरूर तालुक्यातलं, भीमेकाठचं, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं वढू. तिथल्या एका ताईंनी व्हॉइस मेसेज पाठवला. मुलगा तिसरीत, मुलगी सहावीत. नवराबायको दोघंही सणसवाडीकडे कंपनीत कामाला. सकाळी पाणी तापवायचं, डबे करायचे, दोन पोरांच्या आंघोळी उरकायच्या आणि साडेसातच्या आत घराबाहेर पडायचं. थंडीत मुलगा आंघोळीला रडतो. सासूबाई म्हणतात, पारोसं पोर शाळेत जायचं नाही. आणि ताईंनी मोबाइलवर कुठंतरी ऐकलं, की अमेरिकेतले डॉक्टर म्हणतात आठवड्यातून दोनदा आंघोळ पुरे. त्यांचा प्रश्न साधा आहे: खरं कुणाचं?

माझं उत्तर आधीच सांगतो. दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. पण किती वेळा आंघोळ, यापेक्षा कधी, कुठं आणि कुणाच्या हातानं, हे प्रश्न मोठे आहेत. कसे ते बघू.

आठवड्यातून दोनदा, हे आलं कुठून?

अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे, की ६ ते ११ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून किमान एकदा-दोनदा आंघोळ हवी. यातला 'किमान' हा शब्द मोबाइलवरच्या रीलमध्ये गळून पडतो. त्याच सल्ल्यात पुढं म्हटलंय, की मूल मातीत खेळलं, घामाघूम झालं, अंगाला वास यायला लागला किंवा तलावात, तरणतलावात उतरलं, तर आंघोळ घालायचीच. आणि वयात येऊ लागलं की रोज.

आता हा सल्ला वढूत आणून बघा. आपली तिसरीतली पोरं शाळेच्या मैदानावर लोळतात, शेतात जातात, शेळीच्या पिल्लाला मिठी मारतात. मार्च ते जूनचं ऊन तर सांगायलाच नको. म्हणजे त्यांच्याच नियमानं मोजलं, तरी आपल्याकडं बहुतेक दिवस आंघोळीचेच निघतात. रोज आंघोळ करणं चुकीचं नाही, असं तेही म्हणतात.

पण डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी असेल, पोराला ताप-खोकला असेल, घरात पाणी कमी असेल, तर एखाद्या दिवशी ओल्या फडक्यानं अंग पुसून पोराला शाळेत पाठवलं म्हणून काही बिघडत नाही. फक्त काख, जांघा, पाय आणि तोंड नीट पुसायचं आणि आतले कपडे धुतलेले घालायचे. ज्या मुलांची कातडी कोरडी पडून खाजते, त्यांना कढत पाणी आणि रोज अंगभर साबण यांनी उलट त्रासच होतो. त्यांच्यासाठी कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत आटोपती आंघोळ आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेलाचा हात, एवढं बास. साबण काखेत, जांघेत आणि पायांना लावायचा. पाठ-पोट नुसत्या पाण्यानंही साफ होतं. वजरीनं खसाखसा घासून गोरं कुणी होत नाही, सालटं तेवढी निघतात.

पारोसं म्हणजे मळकं नव्हे

आता सासूबाईंकडे येऊ. त्यांच्या बोलण्यात एक जुनी शिस्त आहे, तिची टिंगल करायची नाही. 'पारोसं' या शब्दाचा संबंध देवपूजेशी आणि सोवळ्याशी आहे. सकाळी अंगावर पाणी घेतल्याशिवाय दिवसाची कामं सुरू करायची नाहीत, असा तो विचार. त्यामुळं आपल्या घरात आंघोळ ही सकाळची गोष्ट झाली. पण पोराच्या अंगावरचा मळ काही सकाळी येत नाही. तो संध्याकाळी पाच वाजता दारातून आत येतो! पायाला माती, नखांत शेण, मानेवर घाम. आणि तसंच पोर जेवायला बसतं, अंथरुणात शिरतं. सकाळी सात वाजता आपण ज्याला चकचकीत केलं, ते दिवसातले सगळ्यात मळके तास तसंच काढतं.

आपल्याकडं याचंही उत्तर पूर्वीपासून आहे. बाहेरून आलेल्यानं आधी हातपाय धुवायचे, मग घरात. दाराशी पाण्याची बादली आणि तांब्या असायचा तो याचसाठी. दारात नळ आला, बादली गेली आणि बादलीबरोबर सवयही गेली. ती परत आणायची. वेळेची अडचण असेल, तर मोठी आंघोळ सरळ संध्याकाळी घाला आणि सकाळी तोंड, हात, काख एवढंच. सासूबाईंना सांगा, पोर पारोसं नाही, रात्रीच न्हालंय.

सकाळच्या आंघोळीच्या बाजूनंही एक खरं कारण आहे, ते लपवत नाही. बारीक पांढऱ्या कृमींचा त्रास असेल, पोर रात्री शौचाच्या जागी खाजवत असेल, तर त्या कृमी रात्री तिथं अंडी घालतात. खाजवलं की ती नखात जातात, नखातून तोंडात, आणि चक्र पुन्हा सुरू. अशा वेळी सकाळी उठल्या उठल्या ती जागा धुणं आणि चड्डी बदलणं गरजेचं. शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती चुकवू नका.

आंघोळीपेक्षा मोठी गोष्ट: हात

घरोघरी आपण विचारतो, "आंघोळ केली का?" माझ्या मते विचारायचा प्रश्न आहे, "हात धुतले का?" जुलाब हे लहान मुलांच्या आजारपणाचं मोठं कारण, आणि साबणानं हात धुण्याची सवय लावली की जुलाबाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं, असं वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून दिसलंय. रोजच्या आंघोळीनं जुलाब कमी होतात, असं कुणी दाखवलेलं मला माहीत नाही.

शाळेत खिचडीची रांग लागते, तेव्हा काय होतं ते आठवा. पन्नास पोरं, दोन नळ, आणि साबण एकतर संपलेला किंवा मातीत पडलेला. पोरं बोटं भिजवतात आणि चड्डीला पुसतात. यावर सोपा उपाय आहे: साबणाची वडी जाळीच्या पिशवीत किंवा जुन्या पायमोज्यात घालून नळालाच बांधायची. पडत नाही, हरवत नाही, आणि जाळी घासली की फेसही येतो. पालकांनी महिन्याला चार वड्या दिल्या तरी एका वर्गाचं भागेल. १५ ऑक्टोबरला शाळाशाळांत हात धुवा दिन होतो, फोटो निघतात. १६ तारखेला नळाला साबण आहे का, ते बघायला पालकांनी जावं.

धुवायचे कधी? जेवणाआधी, शौचानंतर, जनावरांना हात लावल्यावर आणि घरात आल्यावर. वीस सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि नखांसकट. आणि नखं रविवारी कापायचीच.

खाजतंय म्हणजे घाण आहे, असं नाही

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात पोराची अब्रू जाते. खरूज झालेल्या मुलाला वर्गात 'घाणेरडा' म्हणतात, शेजारी कुणी बसत नाही. खरूज एका बारीक किड्यामुळं होते आणि अंगाला अंग लागून पसरते. एका खोलीत पाच-सहा जण झोपत असतील, तर दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होते. आणि कितीही घासून आंघोळ घातली, तरी औषधाशिवाय जात नाही.

ओळखायची कशी? रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, ज्याला खाज नाही त्यानंही. कारण पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार-सहा आठवडे जाऊ शकतात. अंथरूण-पांघरूण, कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचे. जे धुता येत नाही, ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला. मेडिकलमधून 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं, की गजकर्ण तात्पुरतं दबतं आणि नंतर दुप्पट पसरतं.

उवांचंही तसंच. ऊ स्वच्छ केसांतही तितक्याच आनंदानं राहते. डोक्याला डोकं लागलं की जाते या डोक्यातून त्या डोक्यात. केस आठवड्यातून एक-दोनदा धुवा, ओल्या केसांत बारीक फणी फिरवा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासा, कारण लिखा तोवर फुटतात. रॉकेल डोक्याला अजिबात लावायचं नाही. टाळू भाजते आणि चुलीजवळ जिवावर बेततं.

कोणत्या वयात काय

पहिली-दुसरीत अंगावर पाणी पोरानं घ्यावं, पाठ आणि कानामागं तुम्ही बघा. तिसरी-चौथीपर्यंत आंघोळ त्याची त्याला सोपवा, दार लोटून घेऊ द्या. लाजायला लागलं, की त्याचं लाजणं मानायचं. आपलं अंग आपलं आहे, हे पोर तिथंच शिकतं. मुलींना समोरून मागं धुवायला शिकवा. मुलग्यांची पुढची कातडी जोर लावून मागं ओढायची नाही.

ताईंची मुलगी सहावीत आहे. या वयात घामाचा वास बदलतो, म्हणून आता रोज आंघोळ, रोज धुतलेले आतले कपडे. पाळी सुरू झाली की त्या दिवसांतही रोज आंघोळ करायची. केस धुतले तरी चालतात. चौथ्या दिवसापर्यंत डोक्यावरून पाणी नाही, या रिवाजाला आरोग्याचं कारण नाही.

पाणी कमी, धोके जास्त

जल जीवन मिशनचं माप आहे माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे साधारण तीन बादल्या, आणि त्यात स्वयंपाक, धुणं, सगळंच आलं. मुलाची आंघोळ एका बादलीत व्यवस्थित होते. जिथं पाणी विकत घ्यावं लागतं, तिथल्या पोराला आंघोळ नाही म्हणून वर्गातून परत पाठवणं हा अन्याय आहे. शिक्षकांनी आधी घरच्या पाण्याची चौकशी करावी.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. हीटरचा रॉड बादलीत असताना पोराला मोरीत जाऊ द्यायचं नाही. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात लावायचा नाही, विषारी वायूनं माणूस आवाजही न करता बेशुद्ध पडतो. आणि नदीवरची डुंबणी म्हणजे आंघोळ नव्हे. पिंपरी-चिंचवडकडून येणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आणि तिच्यावर आळंदीला तरंगणारा फेस आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलाय.

सवय लागते कशी?

ओरडून लागत नाही. लंडनच्या एका विद्यापीठात मोठ्या माणसांवर अभ्यास झाला होता. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे जूनमध्ये शाळेबरोबर सुरू केलं, तर ऑगस्ट संपता संपता बसेल. मध्ये दोन दिवस चुकले तर पहिल्यापासून मोजायची गरज नाही.

युक्ती एवढीच, की नवी सवय जुन्या गोष्टीला बांधायची. चपला काढल्या की हातपाय. ताट वाढलं की हात. दप्तर भरलं की दात. साबण आणि पंचा पोराच्या हाताला येईल इतक्या खाली ठेवा. आणि आधी बापानं शेतातून, कंपनीतून आल्यावर दारात हातपाय धुवावेत. पोरं ऐकत नाहीत, बघतात.

तर थोडक्यात: वयात येईपर्यंत रोज आंघोळ चांगली, पण एखादी चुकली तर आकाश कोसळत नाही. हात मात्र चुकवायचे नाहीत. संध्याकाळी हातपाय-तोंड आणि स्वच्छ कपडे. खाज असेल तर घासणं नाही, दवाखाना. आणि कुठल्याही पोराला चारचौघांत घाणेरडं म्हणायचं नाही.

तुमच्या घरात आंघोळीवरून काय चालतं, ते व्हॉइस मेसेजवर कळवा. आजीआजोबांनी पाठवलेले मेसेज आधी ऐकले जातील. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.