मेळाव्यात बोलायचं कुणी?



गळीत हंगाम संपला, पट्टा पडला, की आमच्या शेतकी खात्याचे दुसरे काम सुरू होते. ते म्हणजे गटवार ऊस मेळावे. गेली वीसेक वर्षे आम्ही हे मेळावे भरवीत आलो आहोत. सतरंज्या, ध्वनिक्षेपक, शाली, नारळ, हार यांची यादी आम्हाला आता तोंडपाठ आहे. अकराची वेळ कळवायची, पाहुणे साडेबाराला यायचे, सत्काराला पाऊण तास, प्रास्ताविकाला अर्धा तास, आणि ज्याच्यासाठी मेळावा भरवला त्या ऊसपिकावर बोलायला वीस मिनिटे, तीही लोकांना भुका लागल्यावर. आभार मानायला उभं राहावं तर समोर निम्म्या सतरंज्या रिकाम्या. हा दोष आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही. पत्रिका आम्हीच छापतो.

पण एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली आहे. मांडव सुटला, की मंडळी देवळामागच्या लिंबाखाली घोळक्याने उभी राहतात, आणि खरा मेळावा तिथे भरतो. "तुझा खोडवा एवढा काळाभोर कशानं रं?" असं एकानं विचारलं की पाच माणसं पुढं सरकतात. तिथे ध्वनिक्षेपक नसतो, पण मागच्या माणसालाही सगळं ऐकू जातं. लिंबाखालचं हे बोलणं मांडवात कसं आणायचं, यासाठी आम्ही गेली काही वर्षे खटपट करीत आहोत. तिचा हिशेब सभासदांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

शेतकऱ्यांपुढे उभं राहून शेतीचं बोलायचं ही चाल आपल्याकडे जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. तो लिहून होत असतानाच त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. छापायच्या आधी ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्याच कानावर घालायचं, ही रीत आजच्या वक्त्यांनीही घेण्यासारखी आहे.

आणि आपला सहकारी साखर धंदा तरी कशातून निघाला? १९४५ साली श्रीरामपूरला कालव्यावरच्या बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते प्रा. धनंजयराव गाडगीळ. गूळ करून व्यापाऱ्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढावा, हा विचार तिथे बोलला गेला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील तो विचार घेऊन गावोगाव हिंडले, चावडीवर बसले, लोकांच्या शंका ऐकल्या आणि भाग गोळा केले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचे धुराडे पेटले. गाडगीळ अर्थशास्त्राचे पंडित आणि विखे पाटील जेमतेम शाळा शिकलेले, पण दोघांचं जमलं. आमच्या मते याचं कारण असं की पंडितांनी आकडे मांडले आणि ते खरे कसे करायचे हे शेतकऱ्यानं शेतकऱ्याला सांगितलं.

हा इतिहास सर्वसाधारण सभेत दर वर्षी ऐकू येतो. आता जे ऐकू येत नाही ते सांगतो.

२०१५ सालच्या मेळाव्यात आम्ही परतालुक्यातले एक नामांकित शेतकरी बोलावले होते. एकरी शंभर टनांचे मानकरी. बोलणे फर्डे, हातात उंच उसाचे मोठाले फोटो. सभासदांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. त्यांचं पीक खोटं नव्हतं. पण ते आडसालीचं होतं, नदीकाठच्या पोयट्याच्या निचऱ्याच्या रानातलं होतं, ठिबकावरचं होतं, आणि एकरी खर्च किती आला हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायचं काम आमचं होतं. माती कसली, लागण कोणत्या महिन्यातली, तोडणी कितव्या महिन्यात, मागून खोडवा किती निघाला, हे चार प्रश्न आम्ही व्यासपीठावर बसून विचारले असते तर पुढचं टळलं असतं.

आमच्या कालव्याकडच्या एका सभासदाने ते भाषण मनावर घेतलं. त्याचं रान भारी काळं, सखल. पावसाळ्यात चार-चार दिवस पाणी हटत नाही, उन्हाळ्यात वर पांढरी खार फुलते. सोसायटीचं कर्ज काढून त्याने खताची मात्रा दुप्पट केली, पाण्याच्या पाळ्या वाढवल्या. निचरा नसलेल्या रानात जादा पाणी आणि जादा खत म्हणजे मुळ्या गुदमरायच्या. ऊस पिवळा पडला तो सुधारलाच नाही. एकरी अठ्ठावीस टन भरले. आम्ही त्याच्या बांधावर गेलो तेव्हा तो रागानं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही व्हता की तिथं." त्यानंतर दोन वर्षे तो मेळाव्याला आला नाही.

पदविकेच्या अभ्यासात माती परीक्षण शिकलो, भाषणाचं परीक्षण करायला कुणी शिकवलं नव्हतं. पण ते करून दाखवणारा माणूस आपल्याच भागात होऊन गेला होता, हे आम्हाला नंतर उमगलं. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे प्रा. श्रीपाद अच्युत दाभोलकर. ते २००१ साली वारले. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यात हाताने प्रयोग करणारे शेतकरी एकमेकांना पत्रे लिहीत, एकमेकांच्या बागेत जात, बसून बोलत. अमुक कर असा हुकूम नाही; मी असं केलं, असं झालं, तू तुझ्या रानात करून बघ आणि मला कळव, अशी रीत. पानाचं क्षेत्र किती, त्यावर ऊन किती पडतं, वेलीला घड किती पेलतील, हे शेतकऱ्याने स्वतः मोजायचं. तासगावकडच्या द्राक्ष बागाईतदारांनी हा वसा चांगला घेतला.

द्राक्षवाल्यांचा हेवा वाटावा अशी आणखी एक गोष्ट आहे. तासगाव तालुक्यात बोरगावच्या आरव्यांच्या बागेत थॉमसन सीडलेसमध्ये निराळी वेल दिसली, त्यांनी ती ओळखली, वाढवली, ती 'तास-ए-गणेश'. सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी अशीच निवड करून 'सोनाका' दिली. या जाती महाराष्ट्रभर गेल्या त्या बागाईतदार एकमेकांना सांगत, दाखवत, काडी देत गेले म्हणून. उसाची नवी जात पाडेगावहून, कोइमतूरहून किंवा मांजरीहून यायची, हे खरं. पण जात आल्यावर ती कोणत्या रानात कशी वागते, हे बोलायला आपल्याला कोण अडवतं?

तर २०१८ पासून आम्ही एका गटात निराळा प्रयत्न केला. मांडव नाही, हार नाही. वक्ता त्याच शिवारातला, आणि सभा त्याच्याच खोडव्याच्या बांधावर. विषय घेतला पाचटाचा. कारण या विषयावर आमची पत्रके छापून छापून थकली होती, तरी तोड झाली की रात्री शिवार पेटलेलं दिसायचंच.

बोलायला उभ्या केल्या त्या एक सभासद भगिनी, पन्नाशीच्या. मालक गेल्यापासून तीन एकर त्याच बघतात. आधी बोलायला तयारच नव्हत्या. "मला भाषण येत नाही," म्हणाल्या. आम्ही म्हटलं, "वहिनी, भाषण नको. काय केलं तेवढं सांगा." मग पदर खोचून बांधावरच उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य असं टाकलं: "पहिल्या वर्साला माझं चुकलं, ते आधी सांगते."

चुकलं ते असं. पाचट ठेवायचं म्हणून त्यांनी ते सगळीकडे सारखं पसरलं, बुडख्यांवर सुद्धा. बुडख्यांना ऊन लागलं नाही, कोंब दबले, ठिकठिकाणी नांग्या पडल्या. भावकीतले लोक हसले. दुसऱ्या वर्षी त्यांनी पाचट सरीत ओढून घेतलं, बुडखे उघडे केले, तोडकऱ्यांनी उंच ठेवलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटले. पाचटावर एकरी बत्तीस किलो युरिया, चाळीस किलो सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत चार किलो शेणखतात मिसळून टाकलं, आणि पाणी दिलं. हे आकडे आमच्याच पत्रकातले होते. पण त्यांच्या तोंडून आल्यावर लोकांनी खिशातून पेन काढले.

मग प्रश्न सुरू झाले. "उंदीर होत्यात की पाचटात!" त्या म्हणाल्या, "झाले. बांधाकडच्या दोन सऱ्यांत झाले. बिळं बुजवली, औषध ठेवलं." हे आम्ही बोललो असतो तर 'उंदरांचा बंदोबस्त करावा' एवढं म्हणून मोकळे झालो असतो. दुसरा प्रश्न: "पेटवलं की फुटवा जोरात येतो, ते?" यावर एक आबा मागून म्हणाले, "येतो, अन् उन्हाळ्यात वाळतो पण." लोक हसले. तिसरा प्रश्न खताचा. सरीत पाचट असताना बगला फोडता येत नाहीत, मग खत द्यायचं कसं? त्यांनी मुलाला हाक मारली आणि पहार मागवली. बुडख्यापासून वीतभर अंतरावर पहारीने वीतभर खोल भोक, त्यात खताची चिमट, मातीने झाकायचं, पुढचं भोक फुटावर. तोडणीनंतर पंधरा दिवसांत एका बाजूने, आणि साडेचार महिन्यांनी दुसऱ्या बाजूने. एकेकाने पहार हातात घेऊन बघितली. "कंबर मोडतीय," असं एक जण म्हणाला, ते खोटं नाही. वहिनींनीही कबूल केलं: मजुरी लागते. पण दोन पाण्याच्या पाळ्यांमधलं अंतर वाढतं, आणि खुरपणीचा खर्च जवळजवळ वाचतो, असं त्यांनी वहीतून वाचून दाखवलं. वहीत खुरपणीवाल्या बायकांची नावं आणि दिवस सुद्धा होते.

एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते पेटवलं की त्यातला नत्र धुरावाटे जातो आणि वरच्या थरातले जीवजंतू भाजून निघतात. हे आम्ही वीस वर्षे सांगत होतो. त्या वर्षी त्या शिवारात निम्म्याहून जास्त खोडवे पेटले नाहीत. सगळेच थांबले असं म्हणणार नाही. शेजारच्याने पेटवलं की ठिणगी आपल्याकडे येते, ही अडचण अजून आहे.

काही गोष्टी मात्र एकट्याच्या अनुभवाने सुटत नाहीत. निचऱ्याचं तसं आहे. शिरोळच्या श्री दत्त कारखान्याच्या भागात क्षारपड रानात सच्छिद्र पाइप जमिनीखाली घालून पाणी बाहेर काढलं गेलं. पण ते गावातले शेतकरी एकत्र आले तेव्हाच. आपल्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानातूनच ओढ्याला जाणार; मधल्या एकाने नाही म्हटलं तर वरचे सगळे अडकतात. तिथे बोलणारा एक आणि ऐकणारे पंचवीस असून भागत नाही. त्या पंचवीस जणांनी एकाच दिवशी, एकाच चरावर उभं राहून ऐकलं पाहिजे. म्हणून कालव्याकडच्या गावांची बैठक आम्ही गटवार न घेता ओढावार घेणार आहोत. एका ओढ्याला ज्यांचं पाणी जातं ते सगळे एका बैठकीला. या पद्धतीवर आमच्याच खात्यात मतभेद आहेत. ऊस नोंद गटवार, मग बैठक ओढावार कशी, असं काहींचं म्हणणं. पाणी गटाची हद्द बघत नाही, एवढंच आमचं उत्तर.

आता येत्या हंगामाआधीच्या बैठकांविषयी. बोलणाऱ्याने आपल्या प्लॉटचा माती परीक्षणाचा कागद, लागणीची तारीख, कारखान्याच्या वजनाच्या पावत्या आणि खर्चाची वही बरोबर आणावी. खोडव्याचं टनेजही सांगावं. नुसती लागण सांगून भागणार नाही. वेळ वीस मिनिटे, आणि प्रश्नांना वेळेची मर्यादा नाही. भाषण येत नाही म्हणून कुणी मागे राहू नये. ज्यांना बोलायचं आहे, किंवा ज्यांनी बोलावं असं वाटतं, त्यांची नावं गट कार्यालयात शेतकी मदतनिसाकडे द्यावीत. भगिनींनी आपली नावं स्वतः द्यावीत, घरच्यांची वाट बघू नये.

कालव्याकडच्या पहिल्या बैठकीचा वक्ता ठरला आहे. अठ्ठावीस टनांचे तेच सभासद. गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो, चहा झाला. आपलं रान कसं बिघडलं आणि चर काढल्यावर आता कुठं येतंय, हे सांगाल का, असं विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सांगतो. पण त्या दिवशी मेळाव्यात काय झालं, तेबी सांगणार."

आम्ही हो म्हटलं आहे. बैठक त्यांच्या चरावर होईल. तारीख गट कार्यालयाच्या फलकावर लागेल. येताना पायात जुनी चप्पल घालावी, तिथे चिखल असतो.