सात शपथा आणि एक वर्तमानपत्र

नागपूर म्हटलं की रेशीमबाग आठवते, नाहीतर दीक्षाभूमी. संघ १९२५ सालचा, धम्मचक्र प्रवर्तन १९५६ सालचं. या दोन्हींच्या आधी या शहरात राजकारणाची आणखी एक शाळा भरत होती, हे आता नागपूरकरांनाही सांगावं लागतं. ती शाळा म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, मराठीत भारत सेवक समाज.

उदारमतवाद आणि लोकशाहीचं शिक्षण देणारी संस्था म्हटली की हल्ली जर्मनीकडे बोट दाखवलं जातं. तिथलं फ्रीडरिश नाउमान प्रतिष्ठान १९५८ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर ह्यूस यांच्या पुढाकारानं उभं राहिलं. फ्री डेमोक्रॅटिक या उदारमतवादी पक्षाशी त्याचं नातं, खर्च मुख्यतः सरकारी तिजोरीतून, आणि कामाचा पसारा दिल्लीसह अनेक देशांत. ज्यांचं नाव या प्रतिष्ठानाला दिलं त्या नाउमान यांनी १९१८ मध्ये बर्लिनला नागरिकांच्या राजकीय शिक्षणाची शाळा काढली होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात तोच विचार तेरा वर्षं आधी अंमलात आणला होता.

१२ जून १९०५ रोजी फर्ग्युसन कॉलेजजवळच्या टेकडीवर गोखल्यांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी शपथ घेतली आणि भारत सेवक समाज स्थापन झाला. शपथा एकूण सात. मनात देश पहिला. सेवेतून स्वतःचा लाभ पाहायचा नाही. जात-धर्म न बघता सगळे भारतीय भाऊ मानायचे. संस्था देईल त्यात घर चालवायचं, वर पैसा मिळवायला जायचं नाही. खासगी आयुष्य स्वच्छ ठेवायचं. कुणाशी वैयक्तिक भांडण करायचं नाही. आणि संस्थेच्या उद्देशाशी विसंगत वागायचं नाही. सहावी शपथ आजच्या एखाद्या पक्षकार्यालयात वाचून दाखवली तर हशा पिकेल. नव्या सभासदाची उमेदवारी पाच वर्षांची. त्यातली तीन वर्षं अभ्यासाची आणि दोन देश हिंडून पाहण्याची.

त्या पहिल्या तिघांपैकी एक नटेश आप्पाजी द्रविड. मध्य प्रांताचं काम त्यांच्याकडे आलं आणि समाजाची शाखा नागपुरात रुजली. १९११ साली गोखल्यांनी इथं 'हितवाद' सुरू केला. आधी ते साप्ताहिक होतं, दैनिक पुढे झालं. द्रविड त्याचे संपादक होते. नंतर ए. डी. मणी यांनी दीर्घकाळ संपादकपद सांभाळलं. ते राज्यसभेतही गेले. सरकारला धारेवर धरायचं, पण आकडे आणि कायदा हातात घेऊन, ही गोखल्यांची रीत.

या रीतीची खरी परीक्षा नागपुरातच झाली. डिसेंबर १९२० च्या इथल्या काँग्रेस अधिवेशनानं असहकारावर शिक्कामोर्तब केलं. दोनच वर्षांनी गोखल्यांच्या वाटेनं जाणाऱ्या नेमस्तांच्या लिबरल फेडरेशनचं अधिवेशन याच शहरात भरलं. अध्यक्ष होते गोखल्यांनंतर समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री. गर्दी मात्र केव्हाच गांधीजींच्या बाजूला गेली होती. गंमत अशी, की हेच गांधीजी १९१५ मध्ये समाजाचे सभासद व्हायला निघाले होते. गोखले गेले, सभासदांत मतभेद दिसले, तेव्हा त्यांनी आपणहून अर्ज मागे घेतला.

लोकमत हातचं गेलं तरी माणसं घडत राहिली. ना. म. जोशी कामगार चळवळीत उतरले आणि १९१९ च्या वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांच्या वतीनं बसले. शास्त्री राष्ट्रसंघात बोलले आणि १९२७ मध्ये भारताचे पहिले प्रतिनिधी म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले. ठक्करबाप्पांनी आदिवासी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांत आयुष्य घातलं. या संस्थेचा आवाज जगाच्या व्यासपीठावर पोहोचत होता.

उणीवही तितकीच ठळक होती. पुण्यात समाजाकडे 'ज्ञानप्रकाश' हे मराठी पत्र होतं. नागपुरात मात्र विचार इंग्रजीत छापला जायचा. तो वकील, प्राध्यापक आणि सरकारी कचेऱ्यांपर्यंत जायचा. वऱ्हाडातल्या कापूस पिकवणाऱ्याला त्यातलं काय कळणार? मतदार वाढत गेले तसे नेमस्त निवडणुकांतून पुसले गेले. पुढे 'हितवाद'ची मालकीही बदलली. पत्र आजही निघतं, नागपूरकर सकाळी ते वाचतात, पण सात शपथांशी त्याचा संबंध उरलेला नाही.

मतांशिवाय उदारमतवाद किती काळ तग धरतो, हा प्रश्न जर्मनीलाही चुकला नाही. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत फ्री डेमोक्रॅटिक पक्ष पाच टक्क्यांच्या खाली घसरला आणि संसदेबाहेर पडला.

नागपूरच्या नेमस्तांचा पराभव त्यांच्या विचारापेक्षा त्यांच्या अलिप्तपणानं केला, असं माझं मत आहे. ज्यांना आज हा विचार पुन्हा रुजवायचा आहे त्यांनी भारत सेवक समाजाची पाच वर्षांची उमेदवारी जरूर उचलावी, आणि लिहावं मात्र मराठीत.